मॅग्नेटोची अंतर्गत वेळ

पिकांवर औषध फवारण्यासाठीं बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें बांधलेलें ‘बसंत’ विमान १९७२ सालीं प्रथम उडालें. अशा विमानाच्या एंजिनास ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोचें तत्त्व आपल्या लहान पेट्रोल-रॉकेल एंजिनांतही तेंच असतें. म्हणून विमानाच्या मॅग्नेटोचें उदाहरण घेऊन त्याची अंतर्गत वेळ कशी लावितात, तें आम्ही येथें सांगत आहों.

मॅग्नेटोंत लोहचुंबक फिरल्यानें जाड तारेच्या गुंडाळींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. पॉइंट उघडून तो तुटला कीं बारीक तारेच्या गुंडाळींत मोठा दाब येऊन ठिणगी पडते. चुंबक तटस्थ स्थितीच्या थोडा पुढें गेला असतां हा प्रवाह सर्वांत प्रबळ असतो, व पॉइंट त्याच क्षणीं उघडले पाहिजेत. विमानाच्या कित्येक मॅग्नेटोंत हें अंतर सुमारें १० अंश असतें. निश्चित आंकडा कारखान्याच्या पुस्तकावरूनच घ्यावा.

कृति अशी:—

(१) मॅग्नेटो उतरवून झांकण काढावें. जळलेले पॉइंट बदलावे.

(२) चुंबक हळू फिरवावा. ओढ जाणवून जेथें तो आपोआप स्थिरावतो, तेथें अंशपट्टीचें शून्य जुळवावें.

(३) तेथून फिरण्याच्या दिशेनेंच नेमलेल्या अंशांपर्यंत न्यावा. त्या जागीं पॉइंट नुकते उघडूं लागतील असे बसवून स्क्रू आवळावा. उघडण्याचा क्षण तपासदिव्यानें ठरवावा. नजरेवर विसंबूं नये.

(४) शेवटीं पॉइंटमधील मोठ्यांत मोठी फट नियमांत आहे कीं नाहीं, तें पाहावें.

कॅमवर घासणारा ठोकळा झिजला कीं पॉइंट उशिरां उघडतात. पॉइंट स्वतः झिजले तर लवकर. दोन्ही प्रकारें ठिणगी दुबळी होते, व एंजिन सुरू होण्यास त्रास देतें. अशा वेळीं मॅग्नेटोचें अंग फिरविण्याचा मोह होतो; परंतु त्यानें ठिणगीची वेळ बदलते, बळ वाढत नाहीं. यास्तव आधीं अंतर्गत वेळ, मग एंजिनाशीं मेळ, हा क्रम मोडूं नये.

विमानाचें हें काम परवानाधारक कारागिराचेंच होय. आपल्या ज्या लहान एंजिनांत अद्याप पॉइंट आहेत, त्यांत मात्र फट पुस्तकाप्रमाणें ठेवणें आपल्या हातीं आहे. फट वाढली कीं ठिणगी लवकर पडते, हें ध्यानांत असावें.

एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. मॅग्नेटोस बॅटरी लागत नाहीं. स्विच बंद करणें म्हणजे त्याचा प्रवाह तारेनें एंजिनाच्या अंगांत उतरविणें होय. ती तार तुटली असल्यास बंद स्विचवरही ठिणगी पडते. विमानाचा पंखा काय, पंपाचें फ्लायव्हील काय, हातानें फिरविण्यापूर्वीं प्लगच्या तारा काढून ठेवाव्या. हात व प्राण दोन्ही वांचतील.