लंडनचा फ्लॅट, पुण्याचा मालक आणि एजंटची हलगर्जी

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं इंग्लंडमध्ये काढून पुण्या-ठाण्याला परतलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींचा एखादा फ्लॅट अजून हाउन्स्लो, स्लाउ नाहीतर मिल्टन कीन्सला असतो. महिन्याला भाडं येतं, तिथला लेटिंग एजंट सगळं बघतो, म्हणून तो विकायचं राहून गेलेलं असतं. हे बघणं स्वस्त नाही. पूर्ण व्यवस्थापनाचा दर साधारण भाड्याच्या १० ते १५ टक्के, वर २० टक्के व्हॅट. भाडं १,५०० पौंड आणि दर १२ टक्के धरला तर व्हॅटसह महिन्याला २१६ पौंड, वर्षाला २,५९२ पौंड. रुपयांत हे अडीच लाखांच्या वर जातं. इतके पैसे घेऊन एजंटने काम केलंच नाही, तर वसुली कुठे करायची आणि तिला किती खर्च येतो, ते पाहू. नियम इंग्लंडचे आहेत, स्कॉटलंड आणि वेल्सचं शेवटी थोडक्यात.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. एजंट चुकला की कायदा मालकाचं मानगूट धरतो. अनामत रक्कम मान्यताप्राप्त योजनेत ३० दिवसांत जमा करून भाडेकरूला त्याची माहिती द्यावी लागते. एजंट ते विसरला तर भाडेकरू थेट तुमच्यावर दावा लावू शकतो, आणि न्यायालय अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम द्यायला लावतं. १,५०० पौंड भाड्याच्या घराला पाच आठवड्यांची अनामत म्हणजे सुमारे १,७३० पौंड. तिप्पट केली तर ५,१९० च्या घरात, आणि मूळ अनामत परत द्यायची ती वेगळीच. गॅसची वार्षिक तपासणी, दर पाच वर्षांची वीजतपासणी, अनेक कुटुंबांतली माणसं एकत्र राहत असतील तर काउन्सिलचा परवाना, यांचंही तसंच. शिवाय १ मे २०२६ पासून कारण न देता घर रिकामं करून घेण्याची कलम २१ ची सोय बंद. आता कारण दाखवून न्यायालयात जायचं, म्हणजे एजंटने ठेवलेली कागदपत्रं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची.

म्हणून भांडण एजंटशी असलं तरी घरातली गळती आधी थांबवा. भाडेकरूला ओल्या भिंतीत ठेवून एजंटला पत्रं लिहीत बसलात, तर वाढलेलं नुकसान तुमच्याच खात्यात जाईल. दुरुस्ती करा, बिल जपा, मग मागा.

आता हलगर्जी कशाला म्हणायचं? पगाराची आणि मागच्या मालकाची चौकशी नीट करून ठेवलेल्या भाडेकरूची नोकरी सुटली, भाडं थकलं, तर तो एजंटचा दोष नाही. चौकशी केलीच नसेल, किंवा तुमच्याकडून तिचे पैसे घेऊन कागद कोरे ठेवले असतील, तर आहे. एखाद-दुसरं घर भाड्याने देणारी व्यक्ती बहुतेक वेळा ग्राहक मानली जाते, आणि २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टच्या कलम ४९ नुसार तिला वाजवी काळजीने आणि कौशल्याने सेवा मिळाली पाहिजे. घर कंपनीच्या नावावर असेल किंवा भाड्याने देणं हा धंदाच असेल, तर जवळपास तीच अट १९८२ च्या सप्लाय ऑफ गुड्स अँड सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम १३ मध्ये सापडते. मालकांनाही ग्राहक म्हणून संरक्षण असतं हे २००९ मध्ये फॉक्सटन्स या मोठ्या एजन्सीविरुद्धच्या खटल्यात दिसलं. भाडेकरू तोच राहिला तरी दरवर्षी नूतनीकरणाचं कमिशन उकळणाऱ्या आणि बारीक अक्षरांत दडवलेल्या अटी तिथल्या उच्च न्यायालयाने अन्याय्य ठरवल्या.

पण करार आधी वाचा. फक्त भाडेकरू शोधून द्यायचा करार असेल, तर घराची मधली तपासणी झाली नाही ही तक्रार तिथेच मरते. पूर्ण व्यवस्थापन असेल तर वर्षाला किती तपासण्या, तुम्हाला न विचारता किती पौंडांपर्यंत दुरुस्ती, हे लिहिलेलं असतं. मग महिन्याची स्टेटमेंट्स काढा. ‘कॉन्ट्रॅक्टर आला, घरात प्रवेश मिळाला नाही, ७२ पौंड’ अशी ओळ वर्षात तीनदा दिसली, तर भाडेकरूला वेळ कळवली होती का, ते विचारा. दोन तपासण्यांच्या अहवालांतले फोटो शेजारी ठेवा. मार्च आणि सप्टेंबरच्या फोटोंत सिंकवर तोच टॉवेल त्याच घडीने लटकत असेल, खिडकीतून तेच निष्पर्ण झाड दिसत असेल, तर सप्टेंबरमध्ये कुणी गेलंच नव्हतं. असा पुरावा दहा रागावलेल्या ईमेलना भारी पडतो.

एजंट कागद देत नसेल तर डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्याबद्दलची माहिती मागा. शुल्क नाही, एरवी महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मिळते ती तुमची वैयक्तिक माहितीच, भाडेकरूची नाही. पण तुमच्या नावाने झालेल्या ऑफिसमधल्या ईमेलमध्ये बरंच काही निघतं.

यानंतर लेखी तक्रार. फोन नको. काय घडलं, कोणती अट मोडली, नुकसान किती, किती दिवसांत किती पौंड हवेत, एवढंच. नुकसानीच्या आकड्यात फुगवटा नको. १० वर्षं जुना गालिचा खराब झाला तर नव्या गालिच्याचे पैसे मिळत नाहीत. मनस्तापाची भरपाईही मागता येते, पण ती सहसा थोडकी असते, तिच्यावर घर बांधू नका.

उत्तर समाधानकारक नसेल किंवा आठ आठवड्यांत वाद मिटला नाही, तर ओम्बड्समनकडे जा. इंग्लंडमधल्या प्रत्येक लेटिंग एजंटला १ ऑक्टोबर २०१४ पासून सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचं सदस्य असावंच लागतं. आज अशा योजना दोन आहेत: द प्रॉपर्टी ओम्बड्समन आणि प्रॉपर्टी रिड्रेस. एजंट कोणत्या योजनेत आहे ते त्याच्या कार्यालयात आणि वेबसाइटवर दिसलं पाहिजे. कुठेच नसेल तर काउन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाला कळवा, ते दंड करू शकतात. प्रॉपर्टी ओम्बड्समनला २५,००० पौंडांपर्यंत भरपाई देता येते, आणि तक्रारदाराला एक पेनीही पडत नाही. वकील लागत नाही, लंडनला जावं लागत नाही. निर्णय तुम्ही स्वीकारलात तर एजंटला तो बंधनकारक, आणि विषय तिथेच संपतो. नाकारलात तर न्यायालयाचा रस्ता मोकळा असतो. उलटं मात्र चालत नाही. खटला सुरू असताना ओम्बड्समन प्रकरण हातात घेत नाही. तेव्हा पुण्यात बसलेल्या मालकाने आधी ओम्बड्समनच गाठावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चौकशीला महिने लागतात, हीच त्याची खरी किंमत.

न्यायालयात १०,००० पौंडांपर्यंतचे दावे ‘स्मॉल क्लेम’ म्हणून चालतात. समजा मागणी १,८०० पौंडांची आहे. दावा दाखल करायला ११५ पौंड, सुनावणी झालीच तर आणखी १८१, एकूण २९६. मागणी ५,००० ते १०,००० दरम्यान असेल तर ४५५ आणि ३४६. जिंकलात तर हे शुल्क समोरच्याकडून मिळतं, वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत व्याजही मागता येतं. वकिलाची फी मात्र जिंकूनही सहसा परत मिळत नाही, आणि तासाला दोनशे पौंडांच्या पुढे आकारणारा सॉलिसिटर १,८०० चा दावा गिळून टाकेल. अशा रकमेला वकील करू नका. मे २०२४ पासून अशा पैशांच्या दाव्यांत सुनावणीआधी तासाभराची फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे, तीही मोफत. बरीच प्रकरणं तिथेच तुटपुंज्या का होईना, तडजोडीवर मिटतात. भारतात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: दाव्यावर पत्रव्यवहारासाठी ब्रिटनमधला पत्ता द्यावा लागतो, तेव्हा विश्वासातला मित्र आधी गाठा. आणि सुनावणीला जाता येणार नसेल तर किमान सात दिवस आधी तसं कळवून कागदांवर निर्णय मागता येतो. मुदत साधारणपणे करारभंगापासून सहा वर्षं.

दावा करण्याआधी कंपनीज हाउसच्या वेबसाइटवर एजंट कंपनीचं नाव टाका. फुकट आहे. ताळेबंद उघडानागडा असेल, कंपनी गुंडाळायची नोटीस लागलेली असेल, तर २९६ पौंड वाचवा. उलट कंपनी चालू असेल तर निकालानंतर महिन्यात पैसे न भरल्यास तिच्या पतनोंदीत सहा वर्षांसाठी डाग पडतो, आणि एजंट त्यालाच घाबरतो.

भाडं गोळा करून एजंटने हडप केलं तर वाट वेगळी. १ एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमधल्या एजंटना ग्राहकांच्या पैशांच्या संरक्षण योजनेत असणं सक्तीचं आहे. प्रमाणपत्राची प्रत आजच मागून ठेवा. योजनांना मुदती असतात, म्हणून भाडं एक महिना अडकलं तरी चौकशी करा. परदेशी राहणाऱ्या मालकाच्या भाड्यातून, मालकाकडे एचएमआरसीची, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याची, सूट नसेल तर, एजंटला मूळ दराने कर कापावा लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र ५ जुलैपर्यंत द्यावं लागतं. ते आलं नाही तर कापलेला कर सरकारात पोचला का, हाही प्रश्न विचाराच.

स्कॉटलंडमध्ये एजंटची नोंदणी आणि आचारसंहिता सक्तीची आहे, आणि तक्रार फर्स्ट-टियर ट्रिब्युनलकडे विनाशुल्क जाते. वेल्समध्ये परवाना देणारी संस्था रेंट स्मार्ट वेल्स.

एजंटचं अंतिम उत्तर आलं की त्यावरची तारीख लगेच लिहून ठेवा. प्रॉपर्टी ओम्बड्समनकडे त्यानंतर बाराच महिने असतात.