नमुन्यावरून समूहाचे अनुमान

इयत्ता सातवीच्या मुलांना प्रमाणाची उदाहरणे सहसा सोडविता येतात. परंतु ती कोणत्या गृहीतावर उभी आहेत, याची जाण त्यांना क्वचितच असते. ही जाण देण्यास पेरणीपूर्वीची सोयाबीनची उगवण चाचणी फार सोयीची आहे.

पोत्यातील 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून त्याची गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. सुमारे आठवड्याने निकोप कोंब मोजावेत. 60 दाणे उगवले, तर 10,000 दाण्यांतून 6,000 उगवतील, हे मुले त्रैराशिकाने तत्काळ सांगतील. येथेच शिक्षकाने थांबून विचारावे, की ते 100 दाणे घेतले कोठून? मुले स्वभावतःच टपोरे दाणे वेचतात. तसे केल्यास उत्तर वेचलेल्या दाण्यांचे येते, पोत्याचे नव्हे. यास्तव पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरांतून मूठमूठ काढून, मिसळून, न निवडता दाणे मोजावेत.

दहाच दाणे घेतल्यास एका दाण्याच्या फरकाने अनुमान शेकडा 10 ने हलते. शंभर घेतल्यास शेकडा 1 ने. तरीही एकाच पोत्याचे तीन गट समजा 57, 64 व 59 असे आकडे देतील. ‘चुकले कोणाचे?’ असे मुले विचारतील. कोणाचेच चुकलेले नसते. नमुन्यागणिक इतका फरक पडावयाचाच. सरासरी 60 धरावी.

केवळ मोठ्या संख्येने मात्र भागत नाही. 1936 साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या; वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन अध्यक्ष होणार असे भाकीत केले गेले, आणि 48 पैकी 46 राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली! पत्ते मुख्यतः दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतले होते; शिवाय उत्तर धाडण्याची हौस असणाऱ्यांचीच मते हाती आली. वरच्या थरातील मूठ ती हीच.

आता पुन्हा पोत्याकडे वळावे. उगवण शेकडा 70 असता एकरी 30 किलो बियाणे धरतात. ती 60 असेल, तर व्यस्त प्रमाणाने 30 × 70 ÷ 60, म्हणजे 35 किलो लागेल. टपोरेच दाणे वेचून 70 हा आकडा मिळविला असता, तर एकरी 5 किलो बियाणे कमी पडून पीक विरळ उगवले असते. हे उदाहरण फळ्यावर मुलांकडूनच मांडून घ्यावे.