पाया जमिनीखाली असतो

(पुरुषांसाठी श्रद्धापाठ. घरी वाचावे : मत्तय ७:२४-२७, लूक ६:४६-४९, मत्तय १:१८-२५ व २:१३-२३)



रविवारची मिस्सा सुरू असते. आपल्यातील काही जण दरवाजाबाहेर उभे असतात. प्रवचन संपले की आत येतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधी पुन्हा बाहेर पडतात. संध्याकाळी घरात रोझरी चालू असते. आवाज आईचा, पत्नीचा आणि लहान मुलांचा असतो. आपण टीव्हीसमोर किंवा मोबाइलमध्ये असतो. जमिनीचा व्यवहार, मुलीचे लग्न, घराचे बांधकाम यांत आपला शब्द पहिला, प्रार्थनेत मात्र आपण शेवटचे!

आपण वाईट आहोत असे नाही. सणाला मंडप घालायला, मिरवणुकीला, वर्गणी गोळा करायला आपणच पुढे असतो. पण ही सारी वरची बांधणी झाली. खाली पाया किती खोल आहे, हा प्रश्न आज आपण स्वतःला विचारणार आहोत.

१. घरे दोन, पाऊस एकच

प्रभू येशूने सांगितलेला दोन घरांचा दाखला आपल्याला पाठ आहे. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस पडला, पूर आला, वारा सुटला. एक घर टिकले, दुसरे कोसळले.

यातील एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. प्रभूचे वचन दोघांनीही ऐकले होते. वाळूवर बांधणारा काही देवाला न मानणारा नव्हता, तोही ऐकणाऱ्यांतलाच होता. फरक एवढाच, की एकाने ऐकून तसे केले आणि दुसऱ्याने फक्त ऐकले. दर रविवारी शुभवर्तमान ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना उद्देशूनच हा दाखला आहे.

संत लूक आणखी एक तपशील देतो : शहाण्या माणसाने खोल खणले आणि खडक लागल्यावर पाया घातला. पॅलेस्टाईनमध्ये उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात आणि त्यांची वाळू टणक भासते. हिवाळी पावसात त्याच ओढ्यांना एकाएकी लोंढा येतो. येशूला हे पुस्तकातून कळले नव्हते. मार्कच्या शुभवर्तमानात (६:३) लोक त्याला सुतार म्हणतात. तिथे असलेल्या मूळ ग्रीक शब्दात लाकूडकामाबरोबर बांधकाम करणारा कारागीरही येतो. घर कशाने पडते हे त्याला ठाऊक होते.

रंग दिल्यावर दोन्ही घरे सारखीच दिसतात. पाया कोणी पाहत नाही, त्याचे कोणी कौतुकही करत नाही. म्हणूनच तिथे कसर ठेवण्याचा मोह होतो.

२. ऐकले आणि केले : संत योसेफ

येशूच्या हातात हत्यारे देणारा संत योसेफ हा या दाखल्यातील शहाण्या माणसाचे उत्तम उदाहरण आहे. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. पण मत्तय त्याची चार स्वप्ने सांगतो. मरियेला पत्नी म्हणून स्वीकार, बाळाला घेऊन इजिप्तला जा, इस्राएलात परत ये, आणि शेवटी यहुदियात न जाता गालिलाकडे वळ. चारही वेळा योसेफाने देवाने सांगितले तसे केले. इजिप्तला तर तो रात्रीच निघाला. घर, धंदा, ओळखीची माणसे मागे राहिली.

तो श्रीमंत नव्हता. मंदिरात बाळाचे समर्पण करताना त्याने आणि मरियेने गरिबांचे अर्पण म्हणजे पक्ष्यांची जोडी वाहिली, असे लूक सूचित करतो (२:२४). तरीही वल्हांडण सणासाठी हे कुटुंब दरवर्षी यरुशलेमला जात असे (२:४१). कामाचा व्याप हे कारण त्याच्याकडेही होते, पण ते त्याने पुढे केले नाही.

पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी या अबोल कामगाराला सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. त्या घटनेला १५० वर्षे झाली तेव्हा, २०२० मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी संत योसेफाचे वर्ष जाहीर केले.

३. रात्री गुडघे टेकणारा बाप

पोलंडमधील वादोवित्से गावी कॅरोल नावाचा मुलगा होता. १९२९ साली त्याची आई वारली, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. १९३२ साली डॉक्टर असलेला थोरला भाऊ गेला. घरात उरले दोघेच : मुलगा आणि सैन्यातून निवृत्त झालेले वडील. पुढे या मुलाने लिहिले, की रात्री कधी जाग आली तर वडील गुडघ्यांवर प्रार्थना करताना दिसत. धर्मगुरू होण्याविषयी बापलेकांत कधी बोलणे झाले नाही. तरी वडिलांचा हा नमुना म्हणजे आपली पहिली सेमिनरीच होती, असे त्याने कृतज्ञतेने नमूद केले. हा मुलगा म्हणजे पोप संत जॉन पॉल दुसरे.

१९४१ मध्ये, युद्धाच्या काळात, वडीलही वारले. वयाच्या विसाव्या वर्षी कॅरोल एकटा पडला. लोंढा आला, पण घर टिकले. कारण एका बापाने रात्रीच्या अंधारात, कोणी पाहत नसताना, पाया खणून ठेवला होता.

आपली मुले रात्री उठली तर त्यांना आपण कसे दिसतो?

४. पाया कसा भरावा?

रोज दहा मिनिटे. सकाळी कामावर निघण्याआधी येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचावे. त्यातील एकच गोष्ट निवडून ती त्या दिवशी करावी. ऐकणे आणि करणे यांतले अंतर असेच कमी होते.

घरच्या प्रार्थनेची सुरुवात आपण करावी. आवाज चांगला नसला, शब्द अडखळले तरी चालेल. बाप प्रार्थना सुरू करतो तेव्हा मुलाला कळते, की ही केवळ आजीची आणि आईची गोष्ट नाही.

पापनिवेदन. आपण पुरुष इथेच सर्वांत जास्त टाळाटाळ करतो. चूक कबूल करणे आपल्याला कमीपणाचे वाटते. पण खणताना आधी वरची भुसभुशीत माती काढावीच लागते. दारू, संताप, वाकडी कमाई, भावाशी वर्षानुवर्षे धरलेला अबोला, मोबाइलवर लपून पाहिलेले काही : हे उपसल्याशिवाय खडक लागत नाही. वेदीजवळून परतल्यावर पत्नीची किंवा मुलाची क्षमा मागावी लागली तर तीही मागावी.

एक सोबती. एकट्याने खणणे कठीण असते. ज्याला खरे सांगता येईल असा एक श्रद्धावंत मित्र जोडावा.

पाऊस प्रत्येकाच्या घरावर येणारच आहे : नोकरी जाणे, दवाखान्यातील वाईट बातमी, वाट चुकलेला मुलगा, जोडीदाराचा मृत्यू. पूर दारात आल्यावर पाया खणता येत नाही. तो आज, कोरड्या दिवसांतच खणायचा असतो.

आणि कोणी म्हणेल, 'आमचे घर केव्हाच बांधून झाले, आता उशीर झाला', तर त्याने पेत्राकडे पाहावे. येशूने ज्याला खडक हे नाव दिले, त्यानेच त्याला तीनदा नाकारले. तो रडला आणि परत आला. आपण फक्त खणायचे असते. खडक आपण बनवत नाही, तो ख्रिस्त स्वतः आहे (१ करिंथ ३:११). तो आपल्या आधीपासून तिथे आहे.

मनन-चिंतनासाठी

१. गेल्या रविवारी ऐकलेल्या शुभवर्तमानातील कोणती गोष्ट आपण या आठवड्यात केली?
२. आपल्या घरात प्रार्थना कोण सुरू करतो?
३. शेवटचे पापनिवेदन केव्हा केले?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू योसेफाच्या घरात वाढलास. आमच्या घरातही राहा. तुझे वचन ऐकून ते करण्याचे बळ आम्हा पुरुषांना दे. आमची मुले आमच्या मागे चालत तुझ्यापर्यंत पोहोचोत. आमेन.