जुन्या मोटरसायकलीचे विटलेले प्लास्टिक

वढू बुद्रुकसारख्या गावात आता मोटरसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. डेअरीवर दूध पोहोचविणे, सणसवाडीच्या कारखान्यात पाळीवर जाणे, आजारी माणसास दवाखान्यात नेणे ही सर्व कामे तिच्यावरच होतात. आणि पुष्कळ घरी ती नवी न येता दुसऱ्याच्या हातून येते. अशी गाडी दारात उभी राहिली की मुलांचे लक्ष प्रथम जाते ते पांढुरक्या पडलेल्या मडगार्डाकडे. ‘हे पुन्हा काळे होईल काय?’ हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळा विचारण्यात आला आहे की, त्याचे उत्तर येथे सविस्तर द्यावे असे वाटले. पालकांनीही ते अवश्य वाचावे. कारण जुनी गाडी घेताना नेमक्या याच ठिकाणी फसगत होते.

मडगार्डावरील पांढरेपणा ही धूळ नव्हे. तसे असते तर साबणाने ती गेली असती. रंग न दिलेले हे काळे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकाचे असतात. इटलीतील जुलिओ नात्ता या शास्त्रज्ञाने १९५४ साली ते तयार केले, व अशा संशोधनाबद्दल १९६३ साली त्यास जर्मनीच्या कार्ल झीग्लर याजबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. या पदार्थाचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या होत. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून त्या साखळ्या तोडतात. मग वरचा थर ठिसूळ होऊन त्यास डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात आणि त्यांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो. काच पारदर्शक असते, पण तिचा चुरा केला तर तो पांढरा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. काही भागांत संगजिऱ्याची पूड मिसळलेली असते. वरचा थर झिजला की तीही उघडी पडते.

शेतातील ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, याचा विचार किती जणांनी केला असेल? त्यांत मुद्दाम काजळी घातलेली असते. ती अतिनील किरण स्वतः शोषून घेते व प्लास्टिकाचे रक्षण करते. मडगार्डातही काळा रंग असतोच. परंतु शिरूर तालुक्याच्या उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीस तो कोठवर पुरणार?

आता फसगतीविषयी. दगडी पाटी ओली केली की काळीभोर दिसते आणि वाळली की पुन्हा करडी होते. खोबरेल किंवा गाडीचे जळके ऑइल मडगार्डावर फासले असता असेच घडते: तेल भेगांत शिरते, प्रकाशाचे विखुरणे थांबते आणि गाडी दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी भासते. चार दिवसांनी धूळ बसते, दोन पावसांत सर्व धुऊन जाते. विकणारा प्रत्येक जण लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. तथापि गाडी पाहावयास जाताना खिशात एक फडके व साबणाच्या पाण्याची लहान बाटली असू द्यावी आणि एक कोपरा पुसून पाहावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मडगार्डाच्या बोल्टांभोवती नीट पाहावे. तेलाच्या चकाकीखाली बारीक चीर सहज लपते, आणि पुढचे मडगार्ड धावत्या चाकावर सुटून आले तर काय होईल हे सांगावयास नको. पांढरेपणा पत्करावा, चीर पत्करू नये.

दुरुस्तीपूर्वी प्लास्टिकाची जात ओळखली पाहिजे. भाग सोडवून आतल्या बाजूस पाहिले तर बहुधा ‘पीपी’ अथवा ‘एबीएस’ अशी इंग्रजी अक्षरे उमटविलेली आढळतात. शाळेत करता येण्याजोगा प्रयोग असा की, तुटका तुकडा पाण्यात टाकावा: पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते. मात्र संगजिरे पुष्कळ असेल तर पीपीही बुडेल, म्हणून अक्षरांवरच भिस्त ठेवावी. ॲसिटोनचा एक थेंब आतल्या बाजूस लावला असता एबीएस चिकट होते, पीपीवर काही परिणाम होत नाही.

काळ्या, खरबरीत पीपीच्या भागास घासकाम करू नये; त्याची मूळ दाणेदार ठेवण जाते व ती परत येत नाही. साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशाने धुवावे, पूर्ण वाळवावे, आणि प्लास्टिकासाठी मिळणारे, सुकून घट्ट बसणारे काळे द्रावण पातळ हाताने दोनदा लावावे. पेट्रोलने पुसण्याची सवय आमच्याकडे फार आहे. ती सोडावी, कारण एबीएसला त्याने चिरा जातात. चकाकीचे कोणतेही द्रव्य टायर, सीट, पायटा किंवा ब्रेकला लागू देऊ नये. हॉट गनने वरचा थर वितळवून काळेपणा आणण्याची एक युक्ती मिस्त्री लोक करतात. भेगा मिटतात हे खरे. पण ऊन आपले काम पुन्हा सुरू करते, आणि हात जरा रेंगाळला तर भाग वाकडा होतो. मुलांनी ती करू नये.

रंगविलेली गुळगुळीत साइड पॅनले बहुधा एबीएसची असतात. त्यांस पाणी लावून आधी चारशे नंबरचा, मग आठशेचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवावा, प्रायमर द्यावा, मग रंग. पीपीवर मात्र साधा रंग अळवाच्या पानावरील पाण्यासारखा. प्लास्टिकासाठीचा खास प्रायमर आधी न दिल्यास तो सालीसारखा निघून येतो.

चिरेचे काम सर्वांत नाजूक. बजाजची पल्सर २००१ साली निघाली. त्या सुरुवातीच्या गाड्या आज दोन तपांच्या झाल्या, आणि अशा गाड्यांचे मूळ भाग शोधूनही मिळतीलच असे नाही. म्हणून सांधणे शिकून घ्यावे. चीर जेथे संपते तेथे प्रथम बारीक छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. भाग एबीएसचा असेल तर त्याच जातीच्या भंगारातील तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवावेत. सकाळी खळ तयार होते. ती आतल्या बाजूने भरून एक दिवस हात लावू नये. ॲसिटोन क्षणात पेट घेते; हे काम मोठ्या माणसासमोर, अंगणात, विस्तवापासून दूर करावे. पीपीला ही खळ धरत नाही. तेथे सोल्डरिंग गनने कडा वितळवून, आत तारेची जाळी दाबून, वर पीपीचीच पट्टी वितळवून बसवावी लागते. तो धूर नाकात जाऊ देऊ नये.

गाडी चालविण्याचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, निगा राखण्यास मात्र परवाना लागत नाही. बोल्ट पुन्हा लावताना त्याखाली रबराचा वायसर घालावा आणि तो बेताने आवळावा; बोल्टाजवळच्या पुष्कळ चिरा फार आवळल्यामुळेच पडतात.