गम घट्ट आहे, पण धरेल का?

खोकं उघडलं की पहिली शिवी गमला बसते आणि दुसरी गम पुरवणाऱ्याला. ती दुसरी खायचं काम मी बरीच वर्षं केलं. कागद आणि पॅकेजिंगसाठी पाण्यातले पांढरे गम बनवणाऱ्या कंपनीत मी तांत्रिक सेवेत होतो. तक्रार आली की बॅग उचलायची आणि कारखाना गाठायचा. गम नेहमी निर्दोषच असतो असं काही मी म्हणणार नाही.

निफाडच्या बाजूचं एक प्रकरण पक्कं लक्षात आहे. जानेवारी, द्राक्षाच्या निर्यातीचे बॉक्स. परदेशी खरेदीदाराला खोक्यात लोखंडी पिना नको होत्या, म्हणून स्टिचिंग बंद करून बाजूचा जोड गमने लावायचं ठरलं. दिवसपाळीचे बॉक्स ठणठणीत. रात्रपाळीचे मात्र दोन्ही हातांनी ओढले की सरळ सुटत. मालकांचं निदान तयार होतं: रात्रीची पोरं गम कमी लावतात आणि पेंगतात. मी सुटलेला जोड उजेडात धरला. गम कमी नव्हता, उलट जास्तच होता. पण वाळल्यावर जो पारदर्शक दिसायला हवा, तो खडूसारखा पांढरा पडला होता आणि नखाने भुकटी होऊन निघत होता.

पांढरा गम म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे बारीक कण. कागद पाणी पितो, कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. जोड धरतो तो हा पापुद्रा. कण मिसळायला ते मऊ असावे लागतात. ठरावीक तापमानाच्या खाली ते कडकच राहतात. पाणी निघून जातं आणि मागे नुसती पूड उरते. गमच्या माहितीपत्रकात हे तापमान ‘एमएफएफटी’ म्हणून छापलेलं असतं. खरेदी करणारे क्वचितच तिथवर पोचतात, त्यांची नजर दरावर संपते. साध्या पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या गमचं हे तापमान साधारण 15 अंशांच्या आसपास असतं. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी असतो. पत्र्याची शेड, शटरजवळ रचलेले गार बोर्ड. तोच ड्रम, तोच माणूस, तेच मशिन दुपारी काम करायचं आणि पहाटे करायचं नाही. रात्रपाळीच्या पोरांना फुकट बोलणी बसली होती.

अशा वेळी लोक ड्रमला शेगडी लावतात. गम कोमट होतो, पण गार बोर्डवर पडला की क्षणात गार होतो. ऊब बोर्डला हवी. रात्रीचं पेस्टिंग बंदिस्त खोलीत न्या, बोर्ड आदल्या दिवशीच आत आणून ठेवा. नाहीतर व्हिनाइल ॲसिटेट-इथिलीनचा, म्हणजे व्हीएई गम घ्या. त्यात इथिलीन पॉलिमरच्या साखळीतच गुंफलेलं असतं, त्यामुळे कण मुळातच मऊ राहतात आणि 5 अंशांच्या खालीही पापुद्रा धरणारे प्रकार मिळतात. साध्या गममध्ये प्लास्टिसायझर मिसळूनही मऊपणा येतो. पण कोणता मिसळलाय, ते लेखी मागा. पूर्वी सर्रास वापरला जाणारा डायब्युटाइल थॅलेट युरोपात प्रजननाला घातक रसायनांमध्ये गणला जातो आणि ही द्राक्षं तिकडेच जातात.

त्या कारखान्यात एवढ्यावर भागलं नाही. दिवसपाळीचे चांगले जोडसुद्धा शीतगृहातून आल्यावर सैल पडले. द्राक्षाच्या शीतगृहात तापमान शून्याच्या आसपास आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर. बाहेर काढलं की बॉक्सला घाम फुटतो. बऱ्याच पांढऱ्या गममध्ये कण स्थिर राहावेत म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेलं असतं आणि ते पाण्यात विरघळतं. वाळलेला जोड ओल लागली की पुन्हा लिबलिबीत होतो. कोरड्या बिस्किटाच्या कार्टनला हा गम उत्तम, पण शीतगृहात जाणाऱ्या मालाला नाही. गम मागवताना ‘कार्टनसाठी’ एवढं सांगून थांबू नका, माल कुठून कुठे जाणार तेही सांगा. ओलीत जोड टिकतो का, याची चाचणी तर घरच्या फ्रिजमध्ये होते: चिकटवलेला नमुना एक दिवस सुकू द्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढून घाम येऊ द्या आणि मग जोड ओढा. कागदाचे तंतू फाटून आले तर गम पास. जोड स्वच्छ सुटला तर नापास, मग कोरड्यात तो कितीही चांगला असो.

दुसरा उपद्व्याप बादलीचा. कोरुगेशनच्या कारखान्यात फ्लूट आणि लायनर चिकटवायला स्टार्चचा गम असतो आणि त्यात कॉस्टिक व बोरॅक्स घालतात. ती बादली वरवर विसळून कोणीतरी त्यात पांढरा गम ओततो. बोरॅक्स आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल एकत्र आले की जेली होते. ड्रममध्ये रबरी गाठी धरतात, नोझल तुंबतं आणि ‘माल फाटका आला’ म्हणून फोन येतो. मी अशा फोननंतर आधी बादल्या बघायचो. दोन्ही गमांच्या बादल्या, पंप आणि ब्रश वेगळे ठेवा. रंगाने ओळखता येतील असे घ्या, पाट्या काही टिकत नाहीत.

आता पाण्याविषयी, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. गम जाड वाटला की पाणी घालायची सवय जवळपास सगळीकडे दिसते. समजा 100 किलो गममध्ये 50 टक्के घन आहे. त्यात 20 लिटर पाणी घातलं की घन 42 टक्क्यांच्या आत येतं. आधी एक किलो कोरड्या गममागे कागदाला एक लिटर पाणी प्यावं लागत होतं, आता 1.4 लिटर. जोड उशिरा धरतो, बॉक्स प्रेसमधून लवकर निघाला तर उघडतो, बोर्ड वाकतो. पावसाळ्यात कागद आधीच दमट असतो, तेव्हा तर विचारूच नका. शिवाय बोअरच्या पाण्याबरोबर जंतू येतात, परिरक्षक विरळ होतो आणि आठवड्याभरात ड्रम नाकाला कळतो.

जाडी म्हणजे घन नव्हे. घट्ट करणारं द्रव्य घालून 35 टक्के घनाचा गमही दह्याइतका दाट करता येतो. किलोचा भाव विचारण्यापेक्षा कोरड्या किलोचा भाव काढा: 80 रुपयांचा 40 टक्के घनाचा गम कोरड्यात 200 रुपयांना पडतो, 90 रुपयांचा 50 टक्क्यांचा 180 ला. घन मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. फॉइलच्या वाटीत एखादा ग्रॅम गम अचूक तोला, 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा तोला.

लॅमिनेशन आणि वार्निशचं थोडक्यात. बीओपीपी फिल्मवर पाण्याचा गम धरायचा तर तिच्या पृष्ठभागाला कोरोना ट्रीटमेंट झालेली हवी. डाइन पेनची रेघ 38 ला सलग राहिली पाहिजे, थेंब-थेंब झाली तर गम बदलून काही होणार नाही. ट्रीटमेंट साठवणीत उतरत जाते, म्हणून जुन्या रोलवर विशेष लक्ष. यूव्ही वार्निश चिकटवायच्या फ्लॅपवर घेऊच नका. ब्लॉक बनवतानाच तेवढी पट्टी मोकळी सोडा. छपाईवाले हे ऐकून घेतात आणि विसरतात, तेव्हा पहिला शीट स्वतः बघा.

आणि प्रत्येक ड्रमचं झाकण पहिल्यांदा उघडाल तेव्हा अर्धा लिटर गम बाटलीत काढून ठेवा, वर बॅच नंबर आणि तारीख लिहून, माल ग्राहकाकडे पोचून वापरला जाईपर्यंत. दिवसाअखेर ट्रेमधला उरलेला गम त्याच ड्रममध्ये परत ओतू नका, नाहीतर ती बाटली आणि तो ड्रम यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. भांडण कोणाच्या बाजूने जातं, हे अशा बाटलीवर दुपारच्या आत ठरलेलं मी पाहिलंय. कधी ते आमच्या विरुद्धही गेलं आणि कंपनीने मुकाट्याने ड्रम बदलून दिले.