अमावस्येला कुठं निघालाय?

१. भूत सापडावं असं कुणालाच वाटत नसतं.

भूत शोधत फिरणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या टोळक्यात शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक आहे, औषधाचं दुकान चालवणारा एक, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर, आणि मी. दुकान बंद झालं, जेवणं उरकली की मोटरसायकली निघतात. भूत खरंच समोर येऊन उभं राहिलं, तर हा छंद त्याच रात्री बंद पडेल. भूत नाहीच असं कुणी कागदावर लिहून दिलं, तरी बंद पडेल. सगळी गंमत ‘असंल काय रं?’ या प्रश्नात आहे. दिवसभर आपण हप्ते, बिलं आणि डेडलाइन यांच्यात असतो, तिथं सगळं ठरलेलं. रात्री दीड वाजता करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसतं आणि चार संसारी माणसं श्वास रोखून उभी राहतात, तेव्हा काहीच ठरलेलं नसतं. एवढ्यासाठी झोपमोड करायची, आणि पहाटे गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन घरी यायचं. दूध हाही छंदाचाच भाग धरावा.

२. भूत नेहमी शेजारच्या गावात असतं.

पन्हाळ्यावर विचारलं तर लोक खाली बोट दाखवतात, खालच्या गावात विचारलं तर पन्हाळ्याकडं. गडावर नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत, वस्ती आहे. गडावरच्या अंधारबाव या विहिरीच्या नावानं बाहेरचे पर्यटक शहारतात. तिथली माणसं मात्र निवांत झोपतात. आपल्या अंगणातलं भूत कुणाला परवडत नाही. मुलीचं लग्न ठरवायचं असतं, जागा विकायची असते.

पुण्याच्या शनिवारवाड्यातलं भूतही असंच हाती लागत नाही. नारायणराव पेशव्यांचा तिथला खून ३० ऑगस्ट १७७३ चा, यात शंका नाही. पण ‘काका, मला वाचवा’ ही त्यांची हाक कधी ऐकू येते विचारा. कुणी पौर्णिमा सांगतं, कुणी अमावस्या. राजस्थानातल्या भानगड किल्ल्याच्या फलकाचीही अशीच कथा करतात: सूर्यास्तानंतर प्रवेश बंद, म्हणजे सरकारनंच भूत मान्य केलं म्हणे! पण पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांना रात्री कुलूप असतं.

३. भूत कोणाचं होतं ते बघावं.

हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन शाळामास्तरांकडून लोकसमजुतींच्या नोंदी मागवायचा. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी त्याला नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या. पुढं एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती टिपणं मार्गी लावली, आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये पुस्तकरूपात आला. आपल्या भुतांची ही पहिली व्यवस्थित पटनोंदणी म्हणावी लागेल, आणि ती एका खून झालेल्या माणसाच्या कागदांतून झाली.

अशा याद्या वाचताना दिसतं की भूत होण्याला जात, लिंग आणि वय लागतं. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. मागं कुणी न ठेवता, इच्छा अडकून गेलेला तो समंध. आता नियमाप्रमाणे बघायला गेलं तर अकाली, रक्तबंबाळ मरण पन्हाळा ते विशाळगड वाटेइतकं कुठं असेल? १३ जुलै १६६० ला बाजीप्रभू आणि त्यांची माणसं घोडखिंडीत पडली. पण त्याच खिंडीत, आजच्या पावनखिंडीत, भूत आहे असं कुणी म्हणून दाखवावं! दर जुलैत पोरं त्या वाटेनं चिखल तुडवत चालत जातात, रात्री मुक्काम करतात, कुणाला काही दिसत नाही. त्याच धावपळीत मारल्या गेलेल्या शिवा काशीद यांची पन्हाळ्याच्या पायथ्याला समाधी आहे, तिथं लोक हार घालतात. ज्यांना समाधी मिळाली, तिथी मिळाली, ते भूत होत नाहीत.

आणि विहिरीत उडी टाकलेली बाई? तिचा विषय निघाला की मी हल्ली एकच विचारतो, तिचं नाव काय होतं? सांगणाऱ्याला तिच्या साडीचा रंग माहीत असतो, पैंजणांचा आवाज माहीत असतो. नाव माहीत नसतं. ‘कुणाची तरी सून व्हती.’ का उडी टाकली, हे तर कुणीच सांगत नाही. कधीतरी एखादी म्हातारी सांगते, पण ती भुताची गोष्ट म्हणून सांगत नाही, आणि आवाज खाली आणून सांगते.

४. घाबरण्याआधी जनावर ओळखावं.

हेडलाइटमध्ये रस्त्याच्या मधोमध लालभडक दोन निखारे दिसतात आणि जवळ गेलं की जमिनीतून वर उडून नाहीसे होतात. तो रातवा. तापलेल्या रस्त्यावर बसायची त्याची सवय आहे. पडक्या वाड्यातून पांढरं काहीतरी अजिबात आवाज न करता डोक्यावरून जातं आणि मग किंचाळतं, ते गव्हाणी घुबड. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या असतात, त्यामुळं पंखांचा आवाज होत नाही. कौलांवर रात्री कुणी चालतंय असं वाटतं, ते बहुतेक वेळा उदमांजर. पावसाळ्यात आंबोलीच्या बाजूला कुजलेल्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो, ती मायसिना जातीची बुरशी. बॅटरी बंद करून डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात.

एवढं कळल्यावर मजा जाते असं लोकांना वाटतं. माझी वाढली. घुबडाला पहिल्यांदा डोक्यावरून जाताना ‘न ऐकलं’, तेव्हा जो काटा आला तो कुठल्या कहाणीनं आणला नव्हता.

५. यंत्रांवर पैसे घालू नयेत.

चुंबकीय क्षेत्र मोजणारं मीटर विजेच्या तारेपाशीही किंचाळतं. फोटोतले गोल ‘आत्मे’ फ्लॅशमध्ये चमकणारी धूळ असते, आणि कोल्हापूरच्या रस्त्यांवर आत्म्यांना तोटा नाही. टेबल फिरवून आत्मे बोलावण्याचा निकाल तर फॅरेडेनं १८५३ मध्येच लावला. टेबल फिरवणाऱ्यांच्या हाताखाली त्यानं सरकणारे पुठ्ठे ठेवले आणि दाखवलं की आधी हात ढकलतात, मग टेबल हलतं. ढकलणाऱ्याला मात्र ते कळत नाही. त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेऊ नये.

सरांचा लाडका किस्सा इंग्लंडमधल्या विक टँडी या इंजिनिअरचा. प्रयोगशाळेत त्याला डोळ्याच्या कडेला राखाडी आकृती दिसली. मग शिकंज्यात धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरायला लागलं आणि त्यानं शोध घेतला. नव्या पंख्यामुळं खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा नाद घुमत होता. १९९८ मध्ये त्यानं ते छापलं. पुढच्या प्रयोगांनी फारसा दुजोरा दिला नाही, हे सर शेवटी हळूच सांगतात.

६. स्मशानात भीती वाटत नाही.

पंचगंगेच्या स्मशानात महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते. त्यासाठी लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोक दान देतात, होळीच्या वेळी तर पेठापेठांतून गाड्या भरून येतात. एवढ्या गावकीनं चालणाऱ्या जागी भूत कसं टिकणार?

७. घरात भूत असेल तर कॅमेरा घेऊन जायचं नाही.

कुणाच्या घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, ताटात राख येते. लोक याला भानामती म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणं हाताळली, आणि बहुतेक वेळा सगळ्याच्या मुळाशी घरातलंच कुणीतरी कोंडलेलं माणूस निघालं. समिती त्या माणसाचं नाव फोडत नाही. आमच्यासारख्या हौश्यांनी ही गोष्ट त्यांच्याकडून आधी शिकावी. अशा घरचं बोलावणं आलं तर आम्ही समितीचा आणि मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर देतो, जात नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

रात्री-अपरात्री फिरतो म्हणून घरचे काळजी करतात. त्यांना मी सांगत नाही, पण मनात येतं. समितीचे डॉ. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले होते. कॉम्रेड पानसरे १६ फेब्रुवारी २०१५ ला आमच्याच गावात सकाळी फिरून परतत होते. दोघांवरही गोळ्या झाडल्या गेल्या त्या उजेडात.

८. निघण्यापूर्वी पोलीस पाटलाला सांगावं.

मण्यार रात्रीची फिरते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून चप्पल घालून येणाऱ्याला आम्ही परत पाठवतो. कठडा नसलेल्या विहिरी दिवसा बघून ठेवाव्यात. राधानगरीच्या रस्त्यावर काळी मोठी आकृती दिसली तर भूत समजून जवळ जाऊ नये. तो गवा असतो.

पण खरा घोळ माणसांचा. चार अनोळखी माणसं, हातात बॅटऱ्या, अमावस्येची रात्र, पडक्या देवळाची वाट. गाव काय समजणार? एका वाडीत राखणीला बसलेल्या बाबांनी काठी आडवी धरून विचारलं, ‘गुप्तधन काढाय आलायसा काय?’ आम्ही म्हटलं, नाही बाबा, भूत बघायला आलोय. ते आमच्याकडं बराच वेळ बघत राहिले, मग काठी खाली केली. ‘मग जावा,’ म्हणाले, ‘पर माझ्या उसात शिरू नगा.’