पोच घेतल्याशिवाय उठू नका

‘नाही’ असं आम्हाला कुणीच म्हटलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण ज्यांच्या घरी व्हीलचेअर नाही त्यांना वाटतं की अशा मुलांच्या आईबापांना लोक हाकलून लावत असतील. हाकलून लावणाऱ्याशी भांडता तरी येतं. आम्हाला मिळाले ते होकार, गोड आणि तोंडी, चहाच्या कपासोबत दिलेले. त्या होकारांच्या भरवशावर माझी चोवीस वर्षांची मुलगी दीड वर्ष स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत लोकांच्या हातांवर गेली.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली. आमची स्कीम, म्हणजे फ्लॅटची इमारत, त्याच पट्ट्यातली. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, लिफ्टचा खड्डा भरलेला, वायरिंग गेलेलं. पाणी ओसरल्यावर मीटिंग झाली आणि लिफ्टची लॉबी उंच करायची ठरलं. पूर्वी तिथे एकच बुटकी पायरी होती. फळी टाकली की खुर्ची चढायची. आता तीन पायऱ्या होणार होत्या. मी त्याच मीटिंगमध्ये उभी राहून विचारलं, आमच्या खुर्चीचं काय? सेक्रेटरी हसले. “वहिनी, रॅम्प तर करूनच देऊ ना. हे काय सांगावं लागते? आम्ही आहो ना!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं होतं, सगळ्यांसमोर विचारलं होतं. पुढे “तुम्ही आधी बोलायला पाहिजे होतं” असं ज्यांनी मला ऐकवलं, त्यातले निम्मे त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर बसले होते.

लॉबी झाली. ग्रॅनाइट बसलं, पितळी अक्षरांत स्कीमचं नाव लागलं, दोन मोठ्या कुंड्या आल्या. रॅम्प काही आला नाही. विचारलं की “पावसाळा होऊ द्या”, मग “दिवाळी होऊ द्या”, मग “ठेकेदार गावी गेला”. तोवर काय? तोवर चौकीदार आणि जो कुणी सापडेल तो. गॅसवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा. एकदा अशाच एका भल्या माणसाने खुर्ची हातांना धरून उचलली. खुर्चीचे हात काढता येतात, हे त्याला कुठून माहीत असणार? दुसऱ्या पायरीवर हात सुटून त्याच्या मुठीत आला आणि खुर्ची त्या बाजूने कलली. चौकीदाराने मांडी टेकवून पेलली म्हणून मुलगी खाली आली नाही. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. दचकली की तिचं सगळं अंग ताठ होतं, आणि ते सैल व्हायला बराच वेळ लागतो. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जेवू शकली नाही. सेक्रेटरींनी रात्री येऊन विचारपूस केली, तिच्या हातात चॉकलेट ठेवलं आणि म्हणाले, “घाबरायचं नाही हं बाळा.” ती बी.कॉम. झालेली आहे.

तीच मुलगी माझ्याबरोबर मेट्रोने सीताबर्डीला जाते. स्टेशनला लिफ्ट आहे, डब्यात खुर्चीची जागा आहे. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती कुणाचा हात न लागता जाऊ शकते; अडते ती फक्त आपल्या दारात, आपल्या ओळखीच्या माणसांपाशी.

माझे डोळे उघडले ते मीटिंगच्या रजिस्टरने. मेंटेनन्सच्या एका जुन्या हिशेबासाठी मी ते मागून घेतलं आणि लॉबीचा ठराव जिथे होता ते पान सहज काढलं. स्वच्छ अक्षर, खाली सह्या. लॉबीची उंची वाढवणे, मंजूर. ग्रॅनाइट, मंजूर. कुंड्यासुद्धा होत्या, किमतीसकट. रॅम्पचा शब्द नव्हता. माझ्या प्रश्नाचा नव्हता, त्यांच्या उत्तराचा नव्हता, हललेल्या मानांचा तर प्रश्नच नाही. मी मागची-पुढची पानं पुन्हा पुन्हा उलटली. हे आजचं नव्हतं. शाळेपासून आम्ही हेच खात आलो होतो. “तळमजल्यावर वर्ग देऊ, काळजी नको” म्हणणारी शाळा, “स्टेजला उतार करू” म्हणणारं मंडळ, “खुर्ची आत येईल हो” म्हणणारं मंगल कार्यालय. सगळ्यांनी हो म्हटलं होतं आणि कुणीही ते कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं नाही ते उद्या नाकारावंही लागत नाही.

मी स्कीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा टाकली. त्यानंतर जे केलं गेलं ते मी विसरणार नाही. २०२४ चा डिसेंबर लागला आणि तीन तारखेला, जागतिक दिव्यांग दिनाला, आम्हाला सकाळी खाली बोलावलं. लॉबीसमोर सिमेंटचा उतार केला होता, चकचकीत टाइल लावलेला, लाल रिबीन बांधलेला. जेमतेम पाच फूट लांब. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. पाच फुटांत दीड फूट चढायचं म्हणजे खुर्ची मागे उलटणार, आणि उतरताना बसलेलं माणूस तोंडावर येणार. फोटोवाला आला होता. मुलीच्या हातात कात्री दिली. तिने उताराकडे पाहिलं आणि सेक्रेटरींना म्हणाली, “तुम्ही बसा. मग तुम्हाला कोणी वर नेऊन दाखवा.” ती हळू बोलते, शब्द ओढत बोलते, पण वाक्य स्पष्ट होतं. ते तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. “काय म्हणते ती?” मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कोणी बसलं नाही. फोटो मात्र निघाला आणि दुपारपर्यंत ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडला. खाली एकाने लिहिलं, ‘अशी स्कीम सर्वांना लाभो.’

आता इतर आईबापांसाठी. मला कळायला किंमत पडली, तुम्हाला पडू नये.

अर्ज मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करा. ती अठराच्या वर असेल आणि सही करू शकत असेल, अंगठा देऊ शकत असेल, तर अर्जदार तीच. आई लिहिते तेव्हा तो आईचा हट्ट ठरतो, ‘वहिनींना जरा टेन्शनच जास्त’ होतं. आमचा जानेवारीतला अर्ज मुलीच्या सहीने गेला आणि प्रथमच उत्तरात तिचं पूर्ण नाव आलं.

अर्जात ‘रॅम्प’ एवढंच लिहाल तर तुम्हालाही पाच फुटांचा मिळेल. माप लिहा. एकास बारा: एक इंच चढायला बारा इंच लांबी. दीड फूट उंचीला अठरा फूट. रुंदी निदान १२०० मिलिमीटर, वर आणि खाली खुर्ची वळेल इतकी सपाट जागा, दोन्ही बाजूंना रेलिंग, खडबडीत फरशी. अठरा फूट म्हणजे एक पार्किंग जातं. खरं भांडण तिथेच असतं, दया-मायेशी त्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे ते पाहुण्यांचं पार्किंग होतं, आणि ज्यांच्याकडे तीन गाड्या त्यांना पाहुणे फार. सरळ जागा नसेल तर मधे सपाट टप्पा घेऊन वळवता येतो. आर्किटेक्टकडून साधा नकाशा काढून अर्जाला जोडा, म्हणजे ‘जागाच नाही’ हे वाक्य बंद होतं.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घ्या. “ठेवून जा, बघतो” म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. सही द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाला टाचा. ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नका. आमचा ग्रुप रिबिनीच्या दुसऱ्या दिवशी ‘फक्त अ‍ॅडमिन’ झाला.

कायदा वाचून जा, पण नेमका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात ‘खाजगी आस्थापना’ची व्याख्या आहे, तिच्यात कंपन्यांबरोबर सहकारी संस्था आणि असोसिएशनही आहेत. “हा कायदा सरकारी ऑफिसांसाठी आहे” असं आम्हाला एका वकील रहिवाशाने मोठ्या आवाजात सांगितलं होतं. त्यांना व्याख्येचं पान दाखवलं तेव्हा ते फोन घ्यायला बाहेर गेले. कलम ५ समाजात राहण्याच्या हक्काचं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, त्यातले किमान निकष बंधनकारक केले पाहिजेत असं सांगितलं. तेही अर्जात लिहा. कलम ९२ चा धाक मात्र घालू नका. ते सर्वांसमक्ष मुद्दाम केलेल्या अपमानासारख्या अत्याचारांसाठी आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. रॅम्पच्या भांडणात ते काढलं की समोरचे एकजूट होतात आणि तुम्ही ‘केस करणारी बाई’ होता. तुमची स्कीम कशाखाली नोंदली आहे तेही बघून घ्या. नागपुरात कितीतरी स्कीम सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन आणि त्यातले उपविधी चालतात. ती कागदपत्रं मागून घ्या. लॉबी आणि पार्किंगचा कोणता भाग सामाईक आहे ते त्यात असतं, आणि सामाईक भाग वापरायचा हक्क प्रत्येक फ्लॅटधारकाला आहे.

अर्जाची प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा. हक्क नाकारल्याच्या तक्रारीची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना कायद्याने आहे आणि साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकारही आहेत. आमच्या बाबतीत ‘प्रत माहितीसाठी सादर’ ही एक ओळ खाली आली आणि आवाज खाली आले.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, भांडणाच्या आधी काढून ठेवा. पहिला प्रश्न तोच येतो, “सर्टिफिकेट आहे का?” समोर खुर्चीत माणूस बसलेलं दिसत असतानाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. जुन्या माहितीवर ‘आपल्याला मिळत नाही’ म्हणून बसून राहू नका. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र आहे. खुर्ची तिथल्या माणसांना दाखवून, मापाने घ्या. शिबिरात मिळेल ती खुर्ची घेऊन येऊ नका. रुंद खुर्चीत मूल एका बाजूला झुकून बसतं आणि पाठीचा कणा वाकडा होत जातो.

मीटिंगच्या आधी घरोघर जा. गुडघे बदललेले, हृदयाचे, बाळंतीण, सिलिंडर चढवणारे, सगळ्यांना रॅम्प हवा असतो, पण मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही. त्यांच्या सह्या अर्जाखाली घ्या. मला दारावर ‘हो हो’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी मीटिंगमध्ये पार्किंगच्या बाजूने हात वर केला. त्यांच्याशी मी आजही बोलते, पण पूर्वीसारखं नाही.

रॅम्प होईपर्यंत उचलावंच लागलं तर आधी बेल्ट लावा, ब्रेक लावा, खुर्चीचे हात आणि पायटेकू यांना कोणालाही धरू देऊ नका. पक्की चौकट दाखवा. चढताना पाठ पायऱ्यांकडे, ताकदवान माणूस वरच्या बाजूला. आणि बसलेल्या व्यक्तीला विचारून, तिने हो म्हटल्यावरच हात लावायचा. हे चौकीदारांना मी कागदावर लिहून दिलं आहे. ते सगळ्यांत आधी शिकले, हेही सांगायला हवं.

पूर पुन्हा येणार. २०२३ च्या त्या रात्री शहरातल्या मूकबधिर विद्यालयातल्या ४० मुलांना बचाव पथकाने बाहेर काढलं, कारण ती तिथे आहेत हे माहीत होतं. आमच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत कोण आहे हे कुणाला माहीत होतं? कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात नाव, पत्ता, मजला आणि कोणती मदत लागेल ते लेखी द्या. आम्ही दिलं आहे. धीर सोडू नका, दुसऱ्या पालकांशी बोलत राहा, हे तर कोणीही सांगेल.

आमचा अठरा फुटांचा रॅम्प २०२५ च्या पावसाळ्याआधी झाला. रेलिंग एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूचा अर्ज दिलेला आहे. वार्षिक अहवालात छापून आलं, ‘पदाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने दिव्यांग भगिनीसाठी रॅम्पची सोय.’ मुलीने दुरुस्तीचं पत्र दिलं. तिच्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि पोच त्याला जोडली, पाच फुटांच्या उताराचा फोटोसुद्धा, आणि पुढच्या सभेत ते वाचून इतिवृत्तात घ्यावं अशी मागणी केली. सेक्रेटरी म्हणाले, “घेऊन टाकू ना, त्यात काय!” तिने पेन पुढे केलं आणि त्याच पत्राच्या खाली ते लिहून मागितलं. त्यांनी लिहिलं.